तलावाकाठचा पहिला मेळा

बसमधून एकोणचाळीस माणसं उतरली आणि पोस्टातल्या बाईंचा जीव भांड्यात पडला.

चार महिने त्या याच बसची वाट बघत होत्या. शाळेत नऊ मुलं उरली होती, निम्म्या घरांना कुलपं लागली होती. बाहेरची माणसं फिरायला आली तर गाव तग धरेल, असं त्यांच्या मनाने घेतलं. तलावाकाठी मेळा भरवायचा ठरवून त्यांनी गावोगावच्या पोस्टांत पत्रकं लावली, कुंभारकाम करणाऱ्या दिराला चाक घेऊन काठावर बसवलं. "वहिनी, कुत्रंसुद्धा फिरकणार नाही," दीर म्हणाला होता. आता तोच घाईघाईने हात पुसत उठला.

पण पाहुण्यांचं काही समजेना. चाकाकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. एकाने रस्त्यावरचा नळ सोडला, ओंजळभर पाणी प्यायला आणि मागच्याला म्हणाला, "गोड आहे." दोन बायका बंद घरांच्या खिडक्यांना नाक लावून आत बघत होत्या. एक गृहस्थ शाळेत शिरून बाकं हलवून बघत होता.

"नाव तयार आहे," बाई म्हणाल्या. "तलावात चक्कर मारून येता?"

"नंतर बघू," एक आजी म्हणाल्या. बाकीचे सगळे त्यांच्याच तोंडाकडे बघून पाऊल टाकत होते. "इथून डॉक्टर किती लांब?"

"का हो, बरं वाटत नाही?"

"मला काय धाड भरलीय. सहज विचारलं." आजींनी रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे नजर टाकली. "बरीच माणसं येतात का इथे फिरायला?"

बाईंनी ठेवणीतलं हसू काढलं. "रीघ लागते. सुट्टीच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते."

आजींचा चेहरा पडला.

गाव फारच लहान वाटलं की काय, म्हणून बाईंनी आणखी रेटलं. "पुढच्या वर्षी तर दहा बस येणार आहेत."

आजींनी मागे वळून नुसती मान हलवली. माणसं एकेक करून बसकडे निघाली. खिडकीतून डोकावणाऱ्या बायकांपैकी एकीने डोळे टिपले.

"वहिनी, काय बोललात तुम्ही त्यांना?" दिराने हळूच विचारलं.

"कौतुकच केलं गावाचं."

बस सुरू झाली तशी बाई धावत दाराशी गेल्या. चार महिन्यांची मेहनत डोळ्यांदेखत निघून चालली होती. का, तेही उमगत नव्हतं. आता लपवण्यात काय अर्थ होता?

"आजी, मी खोटं बोलले. इथे कुणी येत नाही. मेळा पहिलाच आहे, आणि तुम्ही अशा निघालात तर शेवटचाही."

आता हसतील, असं त्यांना वाटलं. आजींनी त्यांचा हात धरला. "खरंच कुणी येत नाही?"

"चिटपाखरू नाही."

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. आतली माणसं एकमेकांकडे बघत पुन्हा खाली उतरली. "त्या बंद घरांच्या किल्ल्या कुणाकडे असतात?" बाकं हलवणाऱ्या गृहस्थाने दिराला विचारलं. दिराने वहिनीकडे पाहिलं, वहिनीने दिराकडे.

"आजी, तुम्ही आलात तरी कुठून?"

आजींनी डोंगरापलीकडच्या गावाचं नाव घेतलं. बाईंचे डोळे विस्फारले. त्या गावाचे मेळे कुणाला ठाऊक नव्हते? वर्षभर तिथे पाहुण्यांची झुंबड असायची.

"अहो, तुमच्याचकडे बघून मी हा घाट घातला," बाई म्हणाल्या. "निदान तुमच्या निम्मं तरी आमचं गाव गाजू दे."

"आम्ही राहायला जागा शोधतोय, बाई," आजी म्हणाल्या. "आमच्या घरांची हॉटेलं झाली. आता आमच्याच गल्लीत शिरायला आम्हाला तिकीट काढावं लागतं."