फरशीखालची ऊब

लीड्सच्या घरातली गार फरशी प्रमिलाबाईंच्या पायांना सोसेना, म्हणून मुलाने ती उखडून खाली गरम पाण्याच्या नळ्या टाकायला घेतल्या. मुलगा-सून कामावर गेले की टोमाश मिस्त्री येई. त्याला मराठी येत नव्हतं, बाईंना इंग्रजी. तरी रोज अकराला दोघं चहाला बसत. त्याने लेकीचे फोटो दाखवले, बाईंनी त्याला थालीपीठ खाऊ घातलं.

बाराव्या दिवशी काम संपलं आणि तो हात जोडून गेला. दुसऱ्या दिवशी अकरा वाजले, पण एकटीपुरता चहा टाकावासा बाईंना वाटेना.

संध्याकाळी मुलाने विचारलं, "आता पाय गार पडत नाहीत ना, आई?"

"छान ऊब आहे रे. वरच्या खोल्यांचं कधी करायचं?"

"वरच्या? अगं, तू जिना चढतेस कुठे?"

"चढेन हळूहळू," बाई म्हणाल्या.