अण्णांची खोली

दादा जुन्या राजवाड्यात गाइड आहे. अण्णा गेले त्या दुपारी तो पर्यटकांचा ग्रुप फिरवत होता, आणि घरी अण्णांचा हात धरून धाकटी बहीण एकटीच बसली होती.

दुसऱ्या दिवसापासून माणसं भेटायला येऊ लागली. दादा त्यांना दारातून आत घ्यायचा, उलटा चालत अण्णांच्या खोलीत न्यायचा, मागे राहिलेले येऊन पोचेपर्यंत थांबायचा आणि मग आवाज खाली आणून सांगायचा, "हा त्यांचा पलंग. ही खिडकी त्यांनी मागाहून पाडून घेतली, पायांवर ऊन यावं म्हणून. जाताना एवढंच म्हणाले, माझ्यामागे या घराचं दार कुणाला बंद करू नका."

मावशीने डोळे पुसले. "राजा माणूस," म्हणत काकांनी चष्मा काढला. शेजारच्यांनी दबकत विचारलं, पलंगाचा एक फोटो घेतला तर चालेल का.

"फ्लॅश नको," दादा म्हणाला.

सगळे गेल्यावर बहिणीने त्याला स्वयंपाकघरात गाठलं. "दादा, तू नव्हतास, मी होते. अण्णा काही म्हणजे काही बोलले नाहीत. मी कान लावून बसले होते रे."

दादा कपबशा विसळत राहिला.



"आमच्या राजवाड्यातला राजा तरी मरताना कुठे काय बोलला होता? पण लोक एवढ्या लांबून येतात, त्यांना नुसता पलंग दाखवून कसं पाठवायचं?"