वाकडी पाटी

पाटी आज सरळ होती.

मोलगीच्या स्टँडवर बस वळून उभी राहिली, तेव्हा चारुलताने आधी तीच पाहिली. 'काकडपाडा'. चारी कोपऱ्यांना नवे स्क्रू, अक्षरं ताठ. महिनाभर भांडून तिने ही पाटी सरळ करून घेतली होती. लसीचा निळा डबा खांद्यावर सावरत ती गाडीत चढली, तसा ड्रायव्हर हिलाल आरशातून तिच्याकडे बघत म्हणाला, "तुम्हना अर्जामुये पाटी पक्की व्हयी गयी, ताई. आते हालस नई."

"व्हवालेच जोयजे व्हती," ती फणकाऱ्याने म्हणाली आणि खिडकीजवळ बसली.

चारुलता खाली सपाटीवरच्या ब्राह्मणपुरीची, बोली हिलालचीच. मोलगीच्या आरोग्य केंद्रात नर्स म्हणून येऊन तिला चार महिने झाले होते. वर काकडपाड्याला एकोणीस लेकरं लसीवाचून राहिली होती. डब्यातला बर्फ दुपारपर्यंत टिकायचा. त्याआधी पोचलं तर लस, नाहीतर नुसतं ओझं. तिकडे जायला भरवशाची म्हणून ही एकच बस, आणि तिचा भरवसा असा, की पाटीवर काकडपाडा लिहून ती मनात येईल तेव्हा अलीकडच्या फाट्यावरूनच माघारी फिरायची. चारुलताच्या वाट्याला हे दोनदा आलं. "गाडी पुढे जाणार नाही," एवढंच कंडक्टर म्हणाला होता. पुढे सात किलोमीटरचा चढ आणि डोक्यावर ऊन. दोन्ही वेळा ती डबा मांडीवर घेऊन त्याच गाडीने परत आली होती.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पाटी खोटी ती खोटी, आणि वर ती सुद्धा धड लावलेली नाही. दोन्ही वेळा एका बाजूने लोंबत होती. त्याहून संताप आणणारे ते गावचे लोक. बस रिकामी उभी असायची आणि हे आपले जीपच्या टपावर, मागच्या फळीवर लटकून निघून जायचे. कुणाला कशाचं सोयरसुतक नाही. काकडपाड्याची रमिलाबाई, जिची स्वतःची नात त्या एकोणिसांत होती, तीही जीपमधून चारुलताकडे नुसती बघत गेली होती. हसली नाही की बोलली नाही.

चारुलताने डेपोला तीन पानी अर्ज लिहिला. अर्धवट फेरी, खोटी पाटी, ताटकळलेली लेकरं, सगळं लिहिलं. शेवटी एक ओळ घातली, की पाटी वाकडी लोंबते. महिन्याने उत्तर आलं: 'पाटी सरळ करण्यात आली आहे. तक्रार निकाली.' ते वाचून तिने कागद टेबलावर आपटला होता. पण आज वाटलं, चला, सुरुवात तरी झाली.

आज गाडी गच्च भरली. बाजार करून निघालेले लोक जीपकडे न जाता सरळ बसमध्ये आले. रमिलाबाई मिठाची पिशवी आणि तेलाचा डबा घेऊन नेमकी तिच्याशेजारी बसली. बघा, एकीने नेट लावला की लोकही सुधारतात, चारुलताला वाटलं.

फाट्यावर गाडी थांबली आणि मागे येऊ लागली.

"उतरा," कंडक्टर खाली बघत म्हणाला. "गाडी पुढे जाणार नाही."

कुणी जागचं हललं नाही. हिलालने घरात शिरून चोरी केली असावी, तसे सगळे त्याच्याकडे बघत राहिले. मग एकेक जण सामान घेऊन उतरला. चारुलता तरातरा पुढे गेली.

"लाज नई वाटस का? पाटी खोटी कसाले लावतस तुम्ही?"

हिलाल खाली उतरला. त्याने पाटीच्या नव्या स्क्रूवर बोट ठेवलं.

"पाटी डेपो लावस, ताई. ती वाकडी करानं काम मन्हं व्हतं. फाटावर वळनं ऱ्हायनं का वाकडी, गावलगून जानं ऱ्हायनं का सरळ. डेपो वरनी फेरी कागदवर पुरी दाखाडस, आन् गाडी खाले दुसरी फेरीले धाडस. तोंडवरी सांगं का बदली व्हयी जास. दोन साल बठ्ठा लोके हाई पाटी दखीसन बसेत, वाकडी दखी का जीपमा."

म्हणजे ती लोंबणारी पाटीच तेवढी खरं सांगत होती, आणि नेमकी तीच चारुलताने अर्ज करून बंद पाडली होती. तिला डेपोचा संताप आला, त्या 'निकाली'चा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या त्या शेवटच्या ओळीचा आला. डब्याला हात लावून पाहिला. अजून गार होता. तिने पट्टा खांद्यावर ओढला आणि गाडीकडे पाठ करून चढाला लागली.

दहा पावलांवर रमिलाबाई उभी होती. ती चारुलताकडे, मग डब्याकडे बघत राहिली.

"तुम्ही येता? पायी?"

"येते. पण पाटीचं मला आधी कुणी सांगितलं का नाही?" चारुलताचा आवाज चढला. "तुमच्याच नातीसाठी येत होते ना मी?"

रमिलाबाईने मिठाची पिशवी डोक्यावर घेतली आणि डब्याचा पट्टा आपल्या खांद्यावर घ्यायला हात पुढे केला.

"पाटी वाकडी असली तरी तुम्ही गाडीत बसायच्या, बाई," ती म्हणाली. "आम्हाला वाटलं, तुम्हालाही फाट्यापर्यंतच यायचं असतं."