चोराची दाढी

दुपारची जेवणं उरकली, सतरंज्या पडल्या आणि पुतणीनं नेहमीप्रमाणे फर्मान सोडलं, "मोठे काका, चोर!"

काकूंनी चटकन नवऱ्याकडे पाहिलं. वर्षातून एकदा सगळं कुटुंब एकत्र जमायचं, आणि चोराच्या गोष्टीशिवाय त्या दिवसाला कुणी दिवस म्हणत नसे. घरातल्या पोराटोरांनाही ती पाठ होती. ज्यांची गोष्ट, त्या काकांकडून मात्र काकूंनी ती आठवडाभर रोज वदवून घेतली होती. डॉक्टर काय म्हणाले, ते त्यांनी अजून कुणाच्या कानावर घातलं नव्हतं. एवढी गोष्ट निभावली की या वर्षापुरती झाकली मूठ राहणार होती.

काका सरसावून बसले. सुरुवात तर झकास झाली. रात्रीची वेळ, आईवडील परगावी, घरात दोघेच भाऊ, आणि स्वयंपाकघरात धाडकन भांडी पडली. काका अंधारात चाचपडत गेले. चोर हाताला लागला. त्यांनी त्याची दाढीच गच्च धरली.

"आणि हा आमचा शूर शिपाई..." काकांनी धाकट्या भावाकडे बोट केलं.

सगळे भाऊजींकडे वळले. इथं काका म्हणायचे, 'पलंगाखाली!' आणि भाऊजी उसळून म्हणायचे, 'मी काठी शोधत होतो!' इतक्या वर्षांत दोघांपैकी कुणीही माघार घेतली नव्हती. त्या काठीवरून भाऊजी एकदा भरल्या ताटावरून उठून गेले होते.

काकांचं बोट तसंच राहिलं.

"हा..." ते म्हणाले आणि भावाच्या चेहऱ्याकडे बघत बसले. परक्या माणसाकडे बघावं तसं.

"काका, आता भाव खाऊ नका हं!" पुतणी म्हणाली. दोघंतिघं हसले.

"अगं, आधी पाणी दे त्यांना. घसा कोरडा पडलाय," काकू घाईनं म्हणाल्या. पाणी आलं. काका प्यायले. गोष्ट काही पुढे सरकेना.

भाऊजींनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान खाली घातली. भाऊजींना तेवढं पुरलं.

"यंदा मी सांगतो," ते म्हणाले. "मी होतो पलंगाखाली. दादा ओरडतोय, दिवा लाव, दिवा लाव, आणि मी आपला पलंगाच्या पायाला मिठी मारून बसलोय."

"आणि काठी?" पुतणीनं विचारलं.

"कसली काठी न् काय! पाचावर धारण बसली होती माझी."

कुणी हसलं नाही. पुतणीनं पाण्याचा पेला उगाचच पुन्हा उचलला. मूठ उघडली होती, आणि एवढं होऊनही काकूंना इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच हलकं वाटत होतं.

भाऊजी थांबले नाहीत. "मग दादानं दाढी ओढली, आणि चोर ओरडला, बें! शेजाऱ्यांचा बोकड!"

काका मांडीवर थाप मारून हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, एकटेच. मग डोळे पुसत त्यांनी विचारलं, "पण काय हो, तो पलंगाखालचा भित्रा होता तरी कोण?"

"होता एक," भाऊजी म्हणाले. "थोरल्या भावाच्या जिवावर उड्या मारायचा."