वाजवून दाखवा

"हे वाजवून दाखवा," मी म्हणाले, आणि जळक्या दुकानात उभे असलेले बँडवाले माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी मयताच्या घरी गोडाधोडाचं मागितलं होतं.

विमा कंपनीची सर्व्हेअर म्हणून तो माझा पहिलाच दिवस. बँडचे मालक कुदळे मास्तर, त्यांनी नुकसानीच्या यादीत चौदाच्या चौदा वाद्यं 'निकामी' म्हणून लिहिली होती. दिसतही होती तशीच, कोळशासारखी. पण आमच्या सरांनी बजावलं होतं, चालवून बघितल्याशिवाय कुठलीही वस्तू मेली असं लिहायचं नाही.

"आग विझल्यापासून हात लावायचा धीरच झाला नाही, ताई," मास्तर पुटपुटले. त्यांनी वडिलांचा ट्रम्पेट उचलला, डोळे मिटले आणि जीव खाऊन फुंकला. भसकन काजळी उडाली, ती थेट माझ्या नव्याकोऱ्या पांढऱ्या कुर्त्यावर. आणि तिच्या मागोमाग सूर आला. खणखणीत!

मग कोणी थांबेना. कुणी सॅक्सोफोन झटकला, कुणी झांजा पुसल्या. गल्लीतल्या बायका पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. तीन ढोल तेवढे खरंच गेले होते, ते मी लिहून घेतले. उरलेल्या अकरा ओळी मास्तरांनी माझंच पेन घेऊन खोडल्या.

"भरपाई कमी मिळेल हं, मास्तर," मी आठवण करून दिली.

त्यांचं लक्षच नव्हतं. "अरे, शनिवारच्या वरातवाल्यांना फोन लावा आधी," ते ओरडत होते, "येतोय म्हणावं!"