अकरा वाजून बारा मिनिटं

"अकरा बाराला पाकीट फोडायचं. त्याआधी अजिबात नाही," डॉ. खांबेटे म्हणाल्या. वटवाघळापासून माणसापर्यंत सगळ्या सस्तन प्राण्यांच्या जनुकांना लागू पडणारं तरंग-समीकरण त्यांनीच मांडलं होतं. जनुकातला बदल कुणी डोळ्यांनी वाचेपर्यंत पक्का होत नाही. एकदा वाचला की मात्र कायमचा. म्हणून हल्ली आईबाप बाळाच्या जनुकांचा बंद अहवाल घेऊन तो वाचायची वेळ त्यांच्याकडून काढून घ्यायला येत. त्याला कुणी मुहूर्त म्हटलं की त्या भडकत.

आठ महिन्यांची इरा हेरंबच्या कडेवर होती. पिशवीतून पाकीट काढतानाही त्याने तिला बायकोकडे, उत्तराकडे दिलं नाही. उत्तराचा भाऊ ज्या आजाराने गेला, तो इराच्या जनुकांत आहे की नाही ते पाकिटात होतं.

"आत्ता वाचलं तर पाचांतली चार बाळं आजारी निघतील," घड्याळाकडे बघत डॉक्टर म्हणाल्या. "तीन मिनिटांनी शंभरातलं एखादंच."

त्यांनी पाकीट हातात घेतलं आणि त्यांचा अंगठा चिकटवलेल्या जागेवर थबकला. डिंक दोनदा लावलेला होता.

"मी फक्त बघितलं," हेरंब घाईघाईने म्हणाला. "मंगळवारी. राहवलंच नाही. पण कुणाला सांगितलं नाही, हिलासुद्धा नाही. मग चालेल ना?"

डॉक्टरांनी पाकीट टेबलावर ठेवून दिलं. अकरा बारा झाले. पाकिटाला कुणी हात लावला नाही.

उत्तरा नवऱ्याकडे बघत राहिली.

"म्हणून मंगळवारपासून तू हिला खाली ठेवत नाहीयेस."