मंगळवारची खरेदी

“तिथनं उचलू नकोस. डोळ्यांसमोर मांडतात ते महागाचं. वाक जरा, तरुण आहेस.”

मिलेना वाकली. तळाच्या फळीवर तसाच मैदा होता, साध्या कागदी पिशवीत. तिने तो ढकलगाडीत ठेवला.

“आता कसं,” म्हातारी म्हणाली. “मी तेक्ला. तुझं नाव काय?”

“एवा,” मिलेनाने ठोकून दिलं.

मिलेना तेक्ला काकूंची सून होती. पोलंडमधल्या लुब्लिन शहरात सगळे येतात तशा दोघी त्या स्वस्ताईच्या दुकानात आल्या होत्या. मार्चिनने दोन वर्षांपूर्वी आईला न विचारता दुसऱ्या गावी नोंदणी कचेरीत जाऊन लग्न उरकलं, तेव्हापासून काकूंनी त्याचा फोन उचलला नव्हता. सुनेचा फोटो पाकीट न फोडता परत आला होता. मार्चिन हल्ली जेवता जेवता मधेच गप्प व्हायचा, आणि ते मिलेनाला सोसवत नव्हतं. आई मंगळवारी सकाळी कुठे असते, एवढं त्याच्याकडून काढून घेऊन ती इथे आली होती. खसखस कुठे मिळेल, असं तिने मुद्दाम काकूंनाच विचारलं होतं.

काकूंनी तिला खसखशीपर्यंत नेलं. मिलेनाने एक पुडी उचलली, कानाशी धरून दोनदा हलवली आणि मग गाडीत टाकली. लग्नानंतर मार्चिनकडून लागलेली खोड.

काकू तिच्या हाताकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “चल पुढे. दुधाकडे जाऊ.”

बाहेर धुकं होतं. काचेपलीकडच्या ट्रॉलीबस धुक्यातून आवाज न करता येत आणि विरघळून जात. आत पांढरा उजेड आणि शीतकपाटांची एकसुरी गुणगुण. काकू पुढे, मिलेना मागे. तिला वाटे, हे दुकान कधी संपूच नये.

“दूध मागचं घ्यायचं, हात खांद्यापर्यंत घालून. ताजं मागे लपवतात. मोठा आकडा बघायचाच नाही, खालचा बारीक वाच, किलोचा भाव. आणि उपाशीपोटी यायचं नाही. मधल्या रांगेत तर हात खिशात ठेवायचे.”

मधल्या रांगेत भर डिसेंबरात पोहण्याचे चष्मे होते, आणि एक शिडी.

“ही शिडी कोण घेतं?” मिलेनाने विचारलं.

“माझी सून घेत असेल,” काकू म्हणाल्या. “बड्या घरची आहे म्हणे. वाकायला जमत नसणार, म्हणून वरच्या फळीला शिडी.”

टोमणा मिलेनाला लागला. तरी तिला हसू फुटलं. काकूही हसल्या, पण शीतकपाटाकडे तोंड करून.

दुसऱ्या मंगळवारी काकूंनी पिवळ्या चिठ्ठ्यांचं शास्त्र सांगितलं. तारीख जवळ आलेल्या मालावर सकाळी आठलाच सवलतीची चिठ्ठी लागते, आणि चिठ्ठी लावणाऱ्या मुलीच्या मागे मागे फिरायचं नसतं, ते वाईट दिसतं. दोन पावलं बाजूला उभं राहून चहाचे डबे वाचायचे. दोघींनी बराच वेळ चहाचे डबे वाचले.

“तुमची सून,” मिलेना डब्याकडे बघत म्हणाली, “शिकेल की हे सगळं.”

“कोण शिकवणार तिला?”

“तुम्ही.”

काकूंनी डबा जागेवर ठेवला. “मासळीत हेरिंग मलईतलं घे. माझ्या मुलाला तेलातलं चालत नाही, ताटावरून उठतो. तू आपलं लक्षात ठेव, कामाला येईल.”

तिसऱ्या मंगळवारी बर्फ पडत होता. काकूंनी घेवड्याची पिशवी कानाशी नेऊन हलवली, मान डोलावली आणि गाडीत ठेवली. पैसे देण्याच्या रांगेत त्यांनी विचारलं, “नाताळच्या आदल्या संध्याकाळी कुठे असशील?”

“बघू.”

“माझ्याकडे एक ताटली जास्तीची असतेच.”

ती ताटली सगळ्यांकडेच असते. न सांगता जो कुणी येईल, त्याच्यासाठी मांडलेली. त्या संध्याकाळी दार वाजवणाऱ्याला कुणी परत पाठवत नाही. मिलेनाची सगळी भिस्त त्या ताटलीवर होती. एकदा टेबलाशी बसले की खरं नाव सांगेन, मग त्या काय वाटेल ते बोलोत, असं तिने ठरवलं होतं.

“दार लावून घेईल आई तोंडावर,” मार्चिन म्हणाला. तरीही तो आला आणि काळोख पडायच्या सुमाराला इमारतीच्या फाटकापाशी बर्फात उभा राहिला. पहिली चांदणी दिसल्याशिवाय कुणी जेवायला बसत नाही. ती दिसल्यावर मिलेना एकटी जिना चढली.

दार लगेच उघडलं. आत बिटाच्या सुपाचा वास होता. टेबलावर पांढऱ्या चादरीखाली रिवाजाप्रमाणे वाळलेलं गवत पसरलं होतं, मधोमध मलईतलं हेरिंग, खसखस भरलेली गोड गुंडाळी, घेवडा. काकूंनी काळा पोशाख घातला होता आणि केस नीट विंचरले होते.

“ये,” त्या म्हणाल्या.

मिलेना आत आली. पाहुण्याची ताटली तिने ओळखली, खिडकीपाशी, जरा वेगळी मांडलेली. ती तिथली खुर्ची ओढायला गेली.

“तिथे नको,” काकू म्हणाल्या. “ती अनोळखी माणसाची.”

मिलेना खुर्चीला धरून उभी राहिली. तेव्हा कुठे तिने टेबल नीट पाहिलं. खिडकीपाशीची ताटली सोडून आणखी तीन मांडलेल्या होत्या.

“तुझी ही, मार्चिनच्या शेजारी. जा मिलेना, खिडकीतून दिसतोय तो फाटकापाशी, त्याला वर बोलाव. तिन्ही मंगळवारी वाट पाहिली मी, आज तरी घेऊन येशील म्हणून.”